खरखरीमागचा गळा

चांगल्या आवाजाचे वेड आपल्याकडे आजचे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील रसिक ग्रामोफोनच्या सुईवरून भांडत असत. पोलादी सुई बरी की बांबूची, एका सुईवर तबकडीच्या किती बाजू वाजवाव्यात, कर्ण्याचे तोंड भिंतीकडे असावे की दाराकडे, यावर ओसरीवर तासन् तास खल चाले. आज त्यांचे नातू-पणतू हेडफोनवरून भांडतात. विषय बदलला, भांडणाची चव तीच राहिली. फरक एवढाच, की अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर लागला म्हणजे आजोबा भांडण विसरून गप्प होत. नातवाचे भांडण स्वर लागल्यावर सुरू होते. त्याला खर्ज थोडा कमी वाटतो, तार सप्तक थोडे टोचते. तो हेडफोन ऐकत असतो. गाणे आपले शेजारून निघून जाते.

हे मी केवळ थट्टेने म्हणत नाही. यंत्राची आवड ही रसिकतेचीच एक शाखा आहे. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवरचा दोरा केसभर मागे, केसभर पुढे सरकवीत बसलेला गवई आपण सर्वांनी पाहिला आहे. बाहेरच्या माणसाला तो चाळा वाटतो. परंतु त्या केसभर अंतरात तार मुकी राहते किंवा बोलू लागते. हेडफोनचेही तसेच आहे. तोही जुळवावा लागतो, आणि जुळवण्याची कला शिकण्याजोगी आहे. फक्त जवारी लागल्यावर गवई गाऊ लागतो, ही गोष्ट विसरू नये.

तर प्रश्न असा, की एखाद्या स्कूटरच्या किमतीचा हेडफोन माणसाने विकत घेतला, तर त्यातून उत्तमात उत्तम आवाज कसा मिळवावा? बाजार याचे उत्तर आणखी खरेदीत शोधतो: नवी तार, नवी पेटी, नवा हेडफोन. माझे उत्तर निराळे आहे. त्या यंत्राला प्रथम एक कठोर परीक्षक नेमून द्यावा. आजकालचे झुळझुळीत ध्वनिमुद्रण परीक्षक म्हणून निरुपयोगी. ते साध्या यंत्रावरही गोड लागते. परीक्षक असा हवा, की ज्याच्यापाशी देण्यासारखे पुष्कळ आहे, पण जो ते सहजासहजी देत नाही. माझा परीक्षक नाशिकचा आहे. त्याचे नाव दत्तात्रेय विष्णू पलुसकर, जाणकारांचे बापूराव.

नाशिकच्या वाचकांना त्यांची ओळख करून देण्याची गरज पडू नये, पण ती पडते. विष्णु दिगंबर पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे, जन्म १८७२चा. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका उडून त्यांची दृष्टी अधू झाली आणि तो मुलगा पुस्तकाकडून गाण्याकडे वळला. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विद्या घेऊन त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, गाण्याला घरंदाज माणसांच्या दिवाणखान्यात मानाने बसविले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात आमच्या पंचवटीत, गोदेच्या काठी, रामनामाचा आश्रम करून राहिले. बापूरावांचा जन्म नाशिकचाच, २८ मे १९२१चा. ते दहा वर्षांचे असताना, १९३१ साली, वडील गेले. पुढचे शिक्षण विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांकडे झाले. चौदाव्या वर्षी ते जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायले. १९४४ साली त्यांची पहिली तबकडी निघाली. १९५५ साली भारताच्या सांस्कृतिक मंडळाबरोबर ते चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेंदूज्वराने गेले. वय चौतीस. त्या वर्षीची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

म्हणजे पहिल्या तबकडीपासून मोजले तर उणीपुरी अकरा वर्षे. या अकरा वर्षांत ध्वनिमुद्रणाच्या यंत्राने जेवढे टिपले, तेवढेच बापूराव आपल्यापाशी आहेत. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले, ती माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. म्हणून त्यांच्या तबकड्या आपण कशा ऐकतो, हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही. आपण जे ऐकू, तेच यापुढे बापूराव ठरणार आहेत.

आणि काय ठरले आहे? कोणालाही विचारा, उत्तर एका शब्दात येते: 'गोड'. गोड गळा, गोड भजने. हा शब्द खोटा नाही, पण तो अपुरा आहे, आणि माझी अशी समजूत होत चालली आहे, की या अपुरेपणाचा बराचसा दोष आपल्या यंत्रांकडे व आपल्या ऐकण्याकडे जातो. वाईट रीतीने वाजविलेल्या तबकडीतून कोणत्याही गायकाची धार आधी जाते आणि गोडी मागे उरते. मग आपण त्या उरलेल्या गोडीलाच गायक समजतो.

धार कोठे कोठे जाते, हे समजण्यासाठी तबकडीपासून कानापर्यंतचा रस्ता एकदा चालून पाहिला पाहिजे.

दहा इंची, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी तबकडी एका बाजूला सुमारे सव्वातीन मिनिटे वाजते. तिचा मुख्य घटक लाख. आपल्याच जंगलांतल्या किड्यांनी केलेली, बांगड्यांची नि पत्रावरच्या मोहरेची लाख. तिच्यात दगडाची भुकटी मिसळलेली असते, आणि सुई त्या भुकटीवरून घासत जाते म्हणून ती खरखर. १९२५च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, त्यापूर्वीच्या कर्ण्यात गायलेल्या तबकड्यांपेक्षा बापूरावांच्या तबकड्या पुष्कळ सुधारलेल्या. तरीही सेकंदाला पाच-सहा हजार कंपनांच्या पुढे त्यांत गाण्याचा भाग फारसा नसतो. असते ती बहुतेक खरखरच. माणसाचा तरुण कान वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, आणि हेडफोनच्या खोक्यावर चाळीस-चाळीस हजारांचे आकडे छापलेले असतात. ते आकडे वाचून ज्याला धन्य वाटते, त्याने बापूरावांची तबकडी लावावी. सारा प्रपंच पहिल्या पाच-सहा हजारांतच आहे, आणि यंत्राची लायकीही तेथेच कळते.

ही तबकडी आपल्यापर्यंत येते ती कोणीतरी ती वाजवून तिची नवी प्रत केल्यावर. त्या माणसाच्या हाती चार गोष्टी असतात. पहिली सुई. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची खाच रुंद, तिला इंचाच्या हजारांश भागाच्या तिप्पट जाडीची सुई लागते. पुढच्या काळातील लाँग-प्लेची बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी, धुळीत घसटत जाते. दुसरी गोष्ट वेग. तबकडीचा वेग शंभरात सहा भागांनी चुकला, तर गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकते. एकाच तबकडीच्या दोन निरनिराळ्या प्रती मी एकामागोमाग ऐकल्या आहेत. दोन्हींचे षड्ज जुळत नव्हते. काळी दोनचा गवई पांढरी तीनवर नेऊन बसविला म्हणजे केवळ सूर बदलत नाही. गळ्याचा पोत बदलतो, लय बदलते, गायकाचे वयदेखील बदलल्यासारखे वाटते. वेगात फिरविलेला बापूरावांचा गळा कोवळा होतो, आणि मग आपण म्हणतो, काय गोड!

तिसरी गोष्ट खर्ज व तार यांचा तोल. खाच कापताना खर्ज दाबून व तार उचलून घेतलेली असे, आणि वाजविताना ते उलट करावे लागे. १९५४च्या सुमारास या उचलादाबीचे एक सर्वमान्य माप ठरले. त्यापूर्वी ज्याचे त्याचे माप निराळे. जुन्या तबकडीला नवे माप लावले की गाणे पोकळ किंवा घोगरे होते.

चौथी गोष्ट सर्वांत धोक्याची: सफाई. संगणकावर खरखर पुसून टाकण्याची विद्या आता फार पुढे गेली आहे, आणि संयमाने वापरली तर ती उपकारक आहे. पण संयम दुर्मिळ. खरखर आणि व्यंजने एकाच घरात राहतात. 'स', 'श', 'ठ', 'ख' यांचे वारे, श्वास घेतल्याचा आवाज, तंबोऱ्याच्या जवारीची सोनेरी झाक, हे सारे त्याच उंच कंपनांत असते जेथे खरखर असते. बोळा जोरात फिरविला की दोन्ही जातात. भांडे घासता घासता कल्हई निघून जावी, तसे. आमच्या तांबट आळीतल्या कोणाही कारागिराला हे सांगावे लागणार नाही.

म्हणून उत्तम आवाजाचा पहिला नियम असा: उत्तम प्रत शोधा. एकाच गाण्याच्या दोन-तीन प्रती मिळत असतील तर त्यांतील अधिक खरखरणारी आधी ऐका. प्रत ठरेपर्यंत हेडफोनवर एक पैसाही जास्त खर्च करू नका. खराब प्रत महाग हेडफोनवर अधिक खराब लागते, कारण चांगला हेडफोन दोष झाकत नाही. त्याने ते झाकू नयेत यासाठीच आपण त्याला पैसे दिलेले असतात.

आता यंत्राकडे वळू. हेडफोनचा इतिहास शंभर वर्षांहून थोडा मोठा आहे. १९१०च्या सुमारास अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने घरी बनवलेले हेडफोन तिथल्या आरमाराने घेतले. तेव्हा ते बिनतारी संदेश ऐकण्याचे साधन होते. १९५८ साली जॉन कॉस यांनी ते संगीतासाठी, दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देणारे म्हणून बाजारात आणले. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने पाठीमागून उघडा असा एचडी ४१४ काढला, आणि १९७९ साली सोनीच्या वॉकमनने हेडफोन रस्त्यावर आणला. आजच्या उंची हेडफोनांची दोन कुळे यातूनच निघाली: पाठ बंद असलेले आणि पाठ उघडी असलेले. बंद हेडफोन बाहेरचा गलका अडवतो, पण आवाज थोडा डबीतला होतो. उघडा हेडफोन आवाजाला श्वास घेऊ देतो. मात्र घरातला मिक्सर आणि दारावरची घंटाही आत येऊ देतो.

गाण्यासाठी मी उघडा पत्करतो आणि वेळ निवडतो. नाशिकला मेनरोडची वर्दळ सुरू होण्यापूर्वीची पहाट, किंवा रात्री सारे निजल्यावरचा तास. जुन्या वाड्याची जाड भिंत हा एक उत्तम ध्वनिशास्त्रीय उपाय आहे, आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. खोली शांत झाली की आवाज कमी ठेवता येतो. आवाज कमी ठेवला की बारकावे ऐकू येतात. हा दुसरा नियम.

तिसरा नियम बसविण्याचा. हेडफोनच्या गाद्या कानाभोवती नीट टेकल्या नाहीत, चष्म्याच्या दांडीने किंवा केसांच्या अंबाड्याने फट राहिली, तर खर्ज त्या फटीतून निसटतो आणि डग्गा मुका होतो. गाद्या घामाने दबतात, झिजतात. चार-पाच वर्षे वापरलेल्या गाद्या बदलल्या तर पुष्कळांना नवा हेडफोन घेतल्यासारखे वाटते. हा खर्च किरकोळ आहे, म्हणूनच बहुधा तो कोणी सुचवीत नाही.

चौथा नियम शक्तीचा. काही उंची हेडफोनांचा विद्युत्-विरोध बराच असतो. १९९७ साली निघालेल्या सेनहायझरच्या एचडी ६००चा तीनशे ओहम. असा हेडफोन हातातल्या फोनला सरळ जोडला तर तो बोलतो, पण कसनुसा, जत्रेत हरवलेल्या मुलासारखा. त्याला स्वतंत्र अँप्लिफायर हवा. आणि अँप्लिफायर घेताना त्याचा स्वतःचा विरोध हेडफोनच्या विरोधाच्या एक अष्टमांशाहून कमी आहे एवढे पाहावे; नाहीतर काही हेडफोनांत खर्ज अकारण फुगतो. एवढे जमले की त्यापुढच्या सोन्यारुप्याच्या तारांना दागिन्याइतकेच महत्त्व द्यावे. दागिना घालण्यास माझी हरकत नाही. त्याने स्वर शुद्ध होतो असे मात्र म्हणू नये.

पाचवा नियम तुलनेचा. दोन यंत्रे पारखताना दोहोंचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. किंचित मोठा आवाज आपल्या कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो. मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो, हीच मेख आहे. पुष्कळ दुकानदार ही मेख ओळखून असतात.

एवढी जुळवाजुळव झाल्यावर परीक्षेला बसावे. बालरामाच्या चालीचे वर्णन करणारे तुलसीदासांचे भजन बापूरावांनी गायले आहे. ते घराघरांत माहीत आहे. त्याच्या पहिल्याच अक्षरात मूर्धन्य 'ठ' आहे. तो जिभेने टाळूवर दिलेला ठोका आहे. पुसून गुळगुळीत केलेल्या प्रतीत तो ठोका मऊ होतो, आणि मूल चालत नाही, तरंगते. खरखरीसकट असलेल्या प्रतीत, बऱ्या हेडफोनवर, ते पाऊल जमिनीवर पडते. दर आवर्तनाला पडते, आणि दर वेळी थोडे निराळे पडते: कधी लयीच्या किंचित मागे, तोल सावरल्यासारखे, कधी नेमके. लहान मुलाची डुगडुगती चाल बापूराव शब्दांच्या अर्थाने दाखवीत नाहीत, व्यंजनांच्या वजनाने दाखवितात. ही लयीची कामगिरी आहे, आणि 'गोड' या शब्दात ती मावत नाही.

मनाला गंगा-यमुनेच्या तीरी चलण्याची विनवणी करणारे मीरेचे भजन दुसऱ्या परीक्षेचे. येथे कसोटी श्वासाची. लांब ओळीच्या शेवटी स्वर सोडताना बापूराव तो तोडत नाहीत, ठेवतात; आणि ठेवल्यानंतर, पुढची ओळ उचलण्यापूर्वी, एक लहानसा श्वास येतो. सामान्य यंत्रावर त्या जागी काहीच नसते. चांगल्या यंत्रावर तेथे एक तिशीतला माणूस असतो, मायक्रोफोनसमोर बसलेला, सव्वातीन मिनिटांचे घड्याळ डोळ्यांपुढे असलेला, आणि तरीही घाई नसलेला. मला विचाराल तर सगळ्या महागड्या हेडफोनांची किंमत त्या एका श्वासात वसूल होते किंवा होत नाही.

तिसरी परीक्षा रागाची. तिलककामोद, गौडसारंग यांच्या त्यांच्या लहान तबकड्या घ्या. ग्वाल्हेरच्या गायकीत बंदिशीचे अंग स्वच्छ दिसले पाहिजे, आणि तान सपाट, सरळ, पायऱ्या मोजता येतील अशी आली पाहिजे. सव्वातीन मिनिटांत रागाचा विस्तार होत नाही. होतो तो रेखाटण्याइतका. पण रेघ इतकी नेमकी, की चित्र पुरे वाटते. ज्या हेडफोनने खर्ज वाढवून ठेवला आहे, त्यावर डगा घुमतो आणि तानेचे दाणे एकमेकांना चिकटतात. ज्याने तार वाढविली आहे, त्यावर तान चमकते पण गळा सुटतो, नुसती चमकच उरते. दोहोंच्या मधल्या, साध्या, काहीसा कंटाळवाणा वाटणाऱ्या हेडफोनवर तानेचा एकेक दाणा सुटा पडतो आणि समेवर येताना शेवटच्या दोन दाण्यांवर पडलेले किंचित वजन ऐकू येते. तेथे बापूराव गोड नाहीत. तेथे ते कणखर आहेत.

चौथी परीक्षा दोन गळ्यांची. १९५२च्या 'बैजू बावरा' चित्रपटात नौशाद यांनी तानसेन-बैजूची जुगलबंदी देसी रागात बांधली. तानसेनासाठी अमीर खाँ गायले, बैजूसाठी बापूराव. कथेच्या सोयीसाठी बैजू जिंकतो, ते सोडून देऊ. खाँसाहेबांचा आवाज खालून, छातीतून, रुंद पाटासारखा येतो. बापूरावांचा समोरून, उघड्या आकाराने, टोक असलेल्या वस्तूसारखा येतो. घरातल्या लहान पेटीवर ही दोन माणसे आळीपाळीने गाणारी दोन माणसे एवढीच राहतात. नीट जुळविलेल्या यंत्रावर ते दोन स्वभाव होतात. ज्या हेडफोनवर दोन्ही आवाज सारखेच सुंदर वाटतील, तो हेडफोन खुशामत्या समजावा. सर्वांना सारखी दाद देणाऱ्या श्रोत्यासारखा तो निरुपद्रवी, आणि तितकाच निरुपयोगी.

येथे एक गंमतीची गोष्ट सांगतो. जुनी तबकडी एकाच वाहिनीची. हेडफोनवर तिचा आवाज दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये, कवटीच्या आत येऊन बसतो. मात्र कित्येक प्रतींत खाचेच्या दोन भिंतींची खरखर डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळी राहिलेली असते. अशा प्रतीत खरखर दोन बाजूंना पांगते आणि गळा मध्ये मोकळा उभा राहतो. पुसण्याचे काम मग कानच करतो, आणि संगणकाहून नाजूक हाताने करतो. पाच मिनिटांत खरखर ऐकू येईनाशी होते. पावसात बसून बोलणाऱ्या माणसांना पाऊस ऐकू येत नाही, तशी. ही शक्ती निसर्गाने फुकट दिलेली आहे. तिला वेळ मात्र द्यावा लागतो.

या कौतुकाला एक दुसरी बाजू आहे आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गाणे कवटीच्या आत होत नसते. ते समोर होते, बैठकीत होते, शेजारच्या मांडीवर पडलेल्या टाळीच्या सोबतीने होते. बापूरावांच्या पश्चात त्यांच्या मैफलींची काही ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली. त्यांत श्रोत्यांची दाद ऐकू येते, आणि त्या दादेने गाणे पुढे कसे सरकते तेही कळते. हेडफोन त्या दादेचा आवाज देतो, पण दाद देण्याची सोय देत नाही. कान झाकून बसलेला माणूस 'वाहवा' म्हणाला तर घरातली माणसे दचकतात. गाण्यातले बारीक पाहण्यासाठी हेडफोन हे भिंग आहे. भिंगाने अक्षर वाचावे. भिंगाने गाव पाहू नये.

दुसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला चाळीस तास, ऐंशी डेसिबल. मुलांसाठी तेवढेच तास, पंचाहत्तर. आवाज तीन डेसिबलने वाढला की सोसण्याचा वेळ निम्मा होतो. नव्वद डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि जाताना ती आधी वरची कंपने नेते, म्हणजे नेमका तो 'ठ', तो श्वास, ती जवारी. दिवाळीच्या अंकात हे लिहिताना फटाक्यांचा उल्लेख टाळता येत नाही. आपल्या कायद्याने फटाक्याला चार मीटरवर एकशे पंचवीस डेसिबलची हद्द घातली आहे, आणि चार मीटर म्हणजे अंगणाची एक कड. ज्यांच्या मुलाच्या गाण्याविषयी मी लिहीत आहे, त्या विष्णु दिगंबरांचे डोळे फटाक्याने अधू केले होते. त्यांना कान राहिले म्हणून आपल्याला संगीत राहिले. घरातल्या मुलांच्या हाती फुलबाजी देताना एवढे आठवले तरी पुरे.

मग निष्कर्ष काय? उंची हेडफोनमधून उत्तम आवाज मिळविणे म्हणजे मधले अडथळे एकेक करून दूर करणे: चुकीची प्रत, चुकीचा वेग, अतिरेकी सफाई, दबलेली गादी, अपुरी शक्ती, खोलीतला गलका, आणि शेवटी आपली स्वतःची अधीरता. यांतले निम्म्याहून अधिक अडथळे पैशाने दूर होत नाहीत. जे पैशाने होतात, त्यांनाही लवकरच हद्द लागते. त्या हद्दीपलीकडे जो आवाज आहे तो यंत्राचा नसून गायकाचा आहे, आणि तो १९५५ सालीच पुरा झाला. त्यात आता कोणी भर घालू शकत नाही. आपण कमी करू शकतो एवढेच, आणि आजवर आपण ते पुष्कळ केले आहे.

या दिवाळीत ज्यांच्या घरी असा हेडफोन आला असेल, त्यांनी त्यावर नवीन काही ऐकण्याआधी बापूरावांची एक जुनी, न पुसलेली तबकडी ऐकावी. आवाज लहान ठेवावा. पहिली दोन मिनिटे खरखर ऐकू येईल, येऊ द्यावी. मग ती हटेल आणि मागचा गळा पुढे येईल. तो गोड आहेच. पण तो निश्चयाचा, शिस्तीचा, अक्षराला जपणारा आणि लयीशी खेळणारा गळा आहे हे ज्याला ऐकू आले, त्याने हेडफोन उतरवावा, घरातल्या कोणाला तरी हाक मारावी, आणि तो त्याच्या कानांवर ठेवावा.